फरक

वेतन आयोगाच्या फरकाचा तिसरा हप्ता जमा झाला
आणि लक्ष्मी रोडला साडी न घेता
मी हे घड्याळ घेतलं.
घरी सांगितलं, सेलमध्ये होतं.
नव्हतं.

पहाटे पाच वीस, करिष्मा चौक.
मी डावा हात वर करून उभी.
घड्याळ म्हणतं, उपग्रह शोधत आहे.
मागून नसीम येते, बुटाची नाडी तशीच लोंबती,
"अगं, रिक्षा थांबवतेयस का?"

वरून कुणीतरी मला शोधतंय
हे मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
सत्तेचाळीस वर्षांत असं थांबून
कोण शोधणार?

आमचे दहा किलोमीटर ठरलेले :
नळस्टॉप, लॉ कॉलेज रोड,
एआरएआयचा चढ,
वेताळाला धावता धावताच एक हात,
मग खाणीच्या कडेनं खाली.
सहा वर्षं हेच दहा.
लग्नात, बारशात, लॅबमध्ये, व्याह्यांसमोर,
"दहा धावते मी," असं
जरा हळू आवाजात, म्हणजे नीट ऐकू जावं.

आज चौकात परत आले, बटण दाबलं.
८.७१.

काचेवर थुंकी लावून पुसलं.
८.७१.

नसीम म्हणाली, चहा घेऊ.
चहाच्या टपरीवर घड्याळानं विचारलं,
थांबलात का?
त्यालाही सगळं सांगावं लागतं.

मग हिशोब केला. सवय आहे.
पावसाचे, तापाचे, नणंदेच्या लग्नाचे दिवस वजा जाता
मी न धावलेलं अंतर इतकं
की पुण्याहून नागपूर गाठून
परतताना जालन्यापर्यंत आले असते.
पण मग तो घाम कुणाचा होता?
तो उजवा घोटा, रात्री मोहरीच्या तेलानं चोळलेला,
जालन्याच्या अलीकडचा की पलीकडचा?

नकाशा उघडला तर निराळीच गंमत.
लॉ कॉलेज रोडच्या झाडांखाली घड्याळ भांबावलं होतं,
माझी निळी रेघ रस्ता सोडून
एका बंगल्यात शिरलेली,
जिन्यावरून, बहुधा स्वयंपाकघरातून
थेट मागच्या अंगणात.
कुणाची तरी सकाळची कणीक मी ओलांडली
आणि मला पत्ताच नाही.

ससूनच्या लॅबमध्ये माझं अर्धं आयुष्य गेलंय.
यंत्र खरं बोलतं, पण
रोज सकाळी आधी त्यालाच तपासावं लागतं.

अंतर मोजलं होतं घारपुरे काकांनी,
अठ्ठ्याण्णव साली, लुनावर.
आता गुडघे बदललेत, चढाच्या पायथ्याशी बाकावर असतात,
जाणाऱ्या-येणाऱ्याला "टाच, टाच!" म्हणून ओरडतात.
त्यांना मनगट दाखवलं.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी बराच वेळ पाहिलं.
"घड्याळ चुकतंय."
"काका, ते आकाशातून मोजतं."
"म्हणूनच. वरून बघणाऱ्याला चढ दिसत नाही.
मी खाणीपाशी लुना ढकलत नेलीय,
चढावरचा किलोमीटर मोठा असतो."

यावर मला बोलता आलं नाही.
वादात हरले असं नाही,
पण तो चढ मी चढलेय.

रात्री वही काढली.
सहा वर्षांच्या तारखा, समोर दहा, दहा, दहा,
एका पानावर चहाचा गोल, तिथलेही दहा.
लॅबचा नियम : चुकलेला आकडा खोडायचा नाही,
एकच आडवी रेघ, खालचं वाचता यावं अशी,
शेजारी बरोबर आकडा, सही.

आजच्या तारखेवर तसं केलं.
कालच्यावर पेन टेकवलं.

घड्याळ चार्जरवर, स्वयंपाकघरात,
मिक्सरच्या पॉइंटला.
हिरवा ठिपका लुकलुकतोय.
पेन अजून टेकलेलंच आहे,
कागदावर शाईचा एक थेंब फुगत चाललाय.